घशाखाली गेले म्हणजे सुटले का?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आपल्या चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "या महिन्याचे आरोग्यावरचे भाषण तुम्ही करा," तेव्हा मी त्यांना सरळ सांगितले की, आजवर या जागेवर डॉक्टरीणबाई बोलल्या, मुख्याध्यापिका बोलल्या. त्यांच्यामागून मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात जे घडले, त्यावर तुम्ही चार वर्षे लोकांना विचारत हिंडलात. जे कळले ते सांगा. शोभेचे भाषण नको." तेव्हा मी उभी राहिले आहे. बोलण्यात उणेअधिक झाल्यास पोटात घाला.

पोटात घाला म्हटले, आणि माझा विषयही तोच आहे. चुकून गिळलेल्या वस्तूंचा. माशाचा काटा, कोंबडीच्या हाडाची कपची, पदराची पिन, म्हाताऱ्या माणसाची कवळी, मुलाने तोंडात घातलेला घड्याळाचा सेल. अशी वस्तू घशाखाली गेली की आपण म्हणतो, "सुटला बाई एकदाचा! आता उद्या-परवा पडेल बाहेर." पुष्कळदा पडतेही. डॉक्टर लोक सांगतात की, गिळलेल्या शंभर वस्तूंपैकी ऐंशी ते नव्वद आपल्या वाटेने निघून जातात. म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. पण ज्या राहतात त्यांतल्या काही अशा जागी राहतात की, त्यांच्या शेजारीच शरीरातली सर्वांत मोठी रक्ताची नळी असते. मला आज बोलायचे आहे ते त्या शेजाराबद्दल.

आमची पुतणी मुंबईस परिचारिका आहे. तिने मला हे पोळपाट-लाटणे घेऊन समजावून सांगितले, तसेच मी तुम्हांला सांगते. आपण घास गिळतो तो अन्ननलिकेतून पोटात जातो. ही नळी मोठ्या माणसात साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब, म्हणजे एका वितीपेक्षा थोडी जास्त. ती मऊ आहे, रिकामी असली म्हणजे मिटलेली असते. ती तीन ठिकाणी अरुंद होते. एक अगदी वर, घसा संपतो तेथे. दुसरी छातीच्या मध्यावर. तिसरी खाली, पोटात शिरण्यापूर्वी. अडकणारी वस्तू बहुधा या तीनपैकी एका ठिकाणी अडकते.

आता मधली जागा अरुंद का? तर तेथे महाधमनी तिला दाबून जाते. हृदयातून शरीराकडे निघणारे सगळे रक्त या महाधमनीतून जाते. आपण स्वस्थ बसलो असलो तरी दर मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. एक कळशी भरायला आपल्या नळाला किती वेळ लागतो ते आठवा, म्हणजे हा जोर ध्यानात येईल. आणि या जोराच्या नळीमध्ये व आपल्या घासाच्या नळीमध्ये अंतर किती? काही मिलिमीटर. पुतणी म्हणाली, "काकू, चाळीतल्या दोन बिऱ्हाडांमध्ये एकच पातळ भिंत असते ना, तसे समजा." एका बाजूने कोणी खिळा ठोकला तर तो दुसऱ्या बाजूला निघणार.

हे ज्ञान आमच्या घरात फार उशिरा आले. ते कसे आले ते सांगते.

२०१९ सालच्या श्रावणाआधीची गोष्ट. आमचे चुलत दीर, वय बावन्न, अंगाने धडधाकट, शेतीवाडी स्वतः पाहणारे. रात्री जेवताना माशाचा काटा टोचला. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला काट्याचे काय कौतुक? घरच्यांनी रीतीप्रमाणे भाताचे गोळे न चावता गिळायला दिले, वर दोन केळी दिली. टोचणे घशातून कमी झाले. सगळे निजले. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी म्हणू लागले की, घास उतरताना छातीच्या मध्ये दुखते, पाठीत दोन फऱ्यांच्या मधोमध कळ येते. कोणी म्हणाले वात, कोणी म्हणाले शेतात वजन उचलले असेल. तिसऱ्या दिवशी थोडी कणकण आली. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरताना तोंडात रक्त आले. ओंजळभर असेल. लालभडक, ताजे. आणि लगेच थांबले.

ते थांबले म्हणून सगळ्यांना धीर आला. गावच्या दवाखान्यात दाखवले. पित्ताने आतून सोलले असेल म्हणून औषध मिळाले. काट्याची गोष्ट तोपर्यंत घरातही कोणाच्या डोक्यात राहिली नव्हती; ती तेथे कोणी सांगितलीच नाही. तो दिवस बरा गेला. पेज घेतली, ओटीवर बसून चार माणसांशी बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बसले, "मळमळते" म्हणाले आणि रक्ताची उलटी झाली. ती थांबली नाही. गाडी आणीपर्यंत सगळे आटोपले होते. धाकट्या जाऊबाईंच्या अंगावरचे लुगडे पदरापासून काठापर्यंत भिजले होते. मी अधिक सांगत नाही.

अचानक झालेला मृत्यू म्हणून सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. तेव्हा कळले, काटा छातीत अन्ननलिकेला आरपार जाऊन महाधमनीला लागला होता. काटा केवढा? बोटाच्या दोन पेरांएवढा.

भगिनींनो, मला त्यानंतर कितीतरी रात्री झोप आली नाही. एकच प्रश्न डोक्यात होता. चौथ्या दिवशी रक्त आले आणि थांबले, मग पाचव्या दिवशी असे का व्हावे? पुतणी घरी आली तेव्हा मी तिला विचारले. तिने आपल्या मोठ्या डॉक्टरांना विचारले, पुस्तकातून उतारे काढले आणि मला मराठीत सांगितले.

ही गोष्ट नवी नाही. हान्स किआरी नावाचे एक नामांकित वैद्य युरोपात होऊन गेले. मृत शरीराची तपासणी करून रोगाचे कारण शोधणे हे त्यांचे काम. त्यांनी १९१४ साली लिहून ठेवले आहे की, गिळलेली वस्तू महाधमनीपर्यंत पोहोचली म्हणजे तीन गोष्टी ओळीने घडतात. आधी छातीत दुखते. मग थोडे ताजे रक्त पडते आणि थांबते. मग काही तास किंवा काही दिवस माणूस बरा दिसतो, आणि त्यानंतर मोठा रक्तस्राव होतो. आमच्या भाऊजींचे अगदी या क्रमाने झाले. शंभर वर्षांपूर्वी कागदावर उतरलेली गोष्ट आमच्या ओटीपर्यंत आली नव्हती, एवढेच.

पहिले रक्त थांबते ते का? भोक अजून लहान असते. रक्ताची गुठळी बनून ते बुजते, आजूबाजूचे मांस सुजून दाबून धरते. कधी कधी तो काटाच बुचासारखा बसलेला असतो. पण तेथे पू होत असतो, गुठळी विरघळते, आणि मागून तो मिनिटाला पाच लिटरचा जोर लागलेला असतो. इंग्रजीत त्या पहिल्या रक्ताला पहारेकरी म्हणतात. पहारेकरी ओरडला आणि गप्प झाला, म्हणजे चोर गेला असे नव्हे. तो मधला वेळ ही देवाने दिलेली सवड असते. त्या सवडीत माणूस मोठ्या इस्पितळात पोहोचला तर सी.टी. स्कॅनवर नेमकी जागा दिसते. पूर्वी यातून फारच थोडे लोक वाचत. आता जांघेतल्या रक्तवाहिनीतून आत जाऊन महाधमनीच्या आतून अस्तर लावलेली जाळीची नळी बसवतात, भोक आतून झाकले जाते, आणि मग अन्ननलिकेची दुरुस्ती करतात. सगळे वाचतात असे नाही, पण वाचतात. मात्र त्यासाठी माणूस दारापर्यंत जिवंत पोहोचायला हवा.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणतील, "आमच्या आजेसासूबाईंपासून भाताचा गोळाच देत आलो, कोणाला काही झाले नाही." खरे आहे. पुष्कळ काटे घशात वरच, गिलाट्यांपाशी रुतलेले असतात, ते आपोआपही निघतात, आणि गोळ्याला श्रेय मिळते. पण काटा आडवा रुतला असेल तर वरून ढकललेला गोळा त्याला भिंतीत आणखी खोल घुसवतो. खिळ्यावर हातोडी मारावी तसे. म्हणून गोळा, केळे, कोरडी पोळी, भाकरीचा तुकडा, यांपैकी काहीही देऊ नये. बोटे घालून उलटी काढू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. ते आरशात पाहून चिमट्याने दोन मिनिटांत काढतात. आणि ध्यानात ठेवा, माशाचा काटा साध्या एक्स-रे मध्ये पुष्कळदा दिसत नाही. "फोटोत काही नाही" म्हणजे आत काही नाही, असे होत नाही. दुखणे चालू असेल तर पुन्हा जावे. "काटा टोचला होता, अमक्या दिवशी, त्यानंतर छातीत दुखते," हे वाक्य स्पष्ट म्हणावे. आपण सांगितले नाही तर डॉक्टरांना स्वप्न कसे पडणार?

टोकदार वस्तू किंवा सेल अन्ननलिकेत अडकला असेल तर तो शक्य तो दोन तासांत, आणि फार उशीर म्हणजे सहा तासांत, दुर्बिणीने काढावा असा आज डॉक्टरांचा नियम आहे. रात्र काढू नये. उद्या सकाळी बघू म्हणू नये.

आता सेलाकडे वळते. काटा आपल्या ओळखीचा आहे. हा पाहुणा नवा आहे, आणि तो काट्यापेक्षा वाईट.

बटणासारखा चपटा, चकचकीत सेल आपण सगळ्यांनी पाहिला आहे. वजनाच्या काट्यात असतो, मोटारीच्या किल्लीत असतो, काही रिमोटमध्ये असतो, साखर तपासण्याच्या यंत्रात असतो. आता तर दिवाळीच्या सेलवर चालणाऱ्या पणत्यांत असतो, लुकलुकणाऱ्या राखीत असतो, जत्रेतल्या चमकत्या शिंगांत आणि भोवऱ्यात असतो. सणासुदीलाच तो घरात जास्त येतो आणि सणासुदीलाच घर मुलांनी भरलेले असते. त्यांतला मोठा, तीन व्होल्टचा सेल, वीस मिलिमीटर रुंद असतो. २०१९ पासून निघालेले रुपयाचे नवे नाणेही वीस मिलिमीटरचे आहे. म्हणून घरच्यांना वाटते नाणे गिळले. नाणे आणि सेल यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सेल आतून फुटतो आणि त्यातले विष बाहेर येते, असे मला वाटत होते. पुतणी म्हणाली, "नाही काकू, फुटावा लागत नाही." लहान मुलाच्या अन्ननलिकेत हा सेल दोन्ही अंगांनी ओल्या भिंतींना चिकटून बसतो. लाळेमुळे वीज वाहू लागते. सेलाच्या उणे बाजूला, म्हणजे जी बाजू थोडी अरुंद असते तिकडे, पाण्यापासून तीव्र क्षार तयार होतो. आपल्या कॉस्टिक सोड्याच्या जातीचा. साबण करणाऱ्या बायकांना ठाऊक आहे की कॉस्टिक तेलचरबीचे काय करतो. तेच तो मुलाच्या कोवळ्या मांसाचे करतो. पंधरा मिनिटांत जळायला सुरुवात होते, दोन तासांत खोल जखम होते. आणि उणे बाजू जिकडे तोंड करून असेल तिकडे भिंत खचत जाते. समोर श्वासनलिका असली तर तिला भोक पडते. महाधमनी किंवा तिची फांदी असली तर तिला. घरात जो सेल "संपला" म्हणून आपण काढून ठेवतो, ज्यावर घड्याळ चालत नाही, त्यातही हे करण्याइतकी शक्ती उरलेली असते.

याहून भयंकर गोष्ट अशी की, सेल काढून टाकला तरी ती जळलेली जागा पुढे कित्येक दिवस कुजत राहते. मूल घरी आले, हसू-खेळू लागले, आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदम रक्ताची उलटी झाली, असे घडलेले आहे. म्हणून सेल निघाल्यानंतरच्या महिन्यात मुलाला थोडेसे रक्त आले, काळी शी झाली, तर तो पहारेकरीच समजावा आणि त्या क्षणी इस्पितळ गाठावे.

अमेरिकेत टेक्सास प्रांतात रीज नावाची दीड वर्षाची मुलगी होती. रिमोटमधला सेल तिने गिळला. २०२० सालच्या डिसेंबरात ती गेली. तिच्या आईने घरी बसून नुसते रडत न राहता लोकांना सांगायला सुरुवात केली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे कायदा झाला की, सेलाची खाच लहान मुलाला उघडता येणार नाही अशीच हवी आणि वेष्टनावर इशारा हवा. त्या कायद्याला त्या मुलीचेच नाव आहे. ऑस्ट्रेलियात असे नियम त्याच वर्षी जूनमध्ये लागू झाले होते. आपल्याकडे खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. पण जत्रेत पथारीवर वीस रुपयांस मिळणाऱ्या वस्तूवर ते चिन्ह कोण शोधतो? आणि पणती किंवा राखी म्हणजे काही खेळणे नव्हे. तेव्हा कायद्यापेक्षा आपलेच डोळे उघडे हवेत.

अशीच एक जुनी गोष्ट पुतणीने मला सांगितली, ती ऐकून मला फार आनंद झाला. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी शेव्हालियर जॅक्सन नावाचे डॉक्टर होते. जन्म १८६५, मृत्यू १९५८. लोकांच्या घशात आणि छातीत अडकलेल्या वस्तू दुर्बिणीने काढण्यात त्यांनी हयात घालवली. काढलेली प्रत्येक वस्तू ते जपून ठेवीत: सेफ्टी पिना, बटणे, नाणी, हाडे, दात. दोन हजारांहून अधिक वस्तू आजही तेथल्या म्यूटर संग्रहालयात खणांमध्ये मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे अन्ननलिका जळलेली मुले फार येत. त्या काळी धुण्या-पुसण्यासाठी घरोघर कॉस्टिकचे डबे असत, आणि त्यांवर काही सूचना नसे. मुले साखर समजून खात. डॉक्टरांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९२७ साली कायदा करवून घेतला की, अशा डब्यांवर विषाची चिठ्ठी हवीच. आज तोच कॉस्टिक सेलाच्या रूपाने मुलाच्या घशात तयार होतो आहे. म्हणजे काम जुनेच आहे, आता ते आपल्याकडे आले आहे.

आता एक चांगली गोष्ट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसती भीती घालायला उभी राहिली.

पुतणीने हे सगळे सांगितल्यावर मी ते माहेरी-सासरी दोन्हीकडे सांगत सुटले. लोक हसलेही. माझ्या धाकट्या भावाचे बिऱ्हाड पुण्यास आहे. २०२३ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, त्याची सोळा महिन्यांची मुलगी लाळ गाळू लागली आणि घास थुंकू लागली. दुसरी कोणी दात येत असतील म्हणाली असती. भावजयीने आधी पणत्या मोजल्या. एक उघडी, सेल नाही. तिने पाठीत धपाटे घातले नाहीत, उलटी काढली नाही. मधाची बाटली आणि मूल घेऊन ती रिक्षात बसली आणि वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देत गेली. इस्पितळाच्या दारातच तिने सांगितले, "सेल गिळला आहे, नाणे नव्हे." एक्स-रे मध्ये गोलाच्या आत दुसरा गोल दिसला. ही सेलाची खूण. नाण्याला एकच कड दिसते. अडीच तासांच्या आत सेल बाहेर आला.

पण इतके होऊनही आत काळा डाग पडला होता. महाधमनी किती दूर आहे हे पाहण्यासाठी स्कॅन झाले. पोर आठ दिवस नाकातल्या नळीवर होती. भावजय सांगते की, रोज सकाळी तिच्या तोंडातली लाळ पाहताना पोटात गोळा येई. पुढे अन्ननलिका आकसली, ती तीनदा दुर्बिणीतून रुंद करून घ्यावी लागली. आज ती शाळेत जाते आणि पुरणपोळी खाते. अडीच तासांत एवढे झाले, तर रात्र काढली असती तर काय झाले असते, याचा विचार तुम्हीच करा.

मधाचे नीट ऐकून घ्या, कारण अर्धवट ऐकून घात होतो. मध हे औषध नव्हे आणि इस्पितळाच्या ऐवजी तर मुळीच नव्हे. २०१८ साली अमेरिकेत डुकराच्या पिलांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा असे आढळले की, मधाचा लेप बसून जळणे कमी होते. म्हणून मूल एक वर्षाहून मोठे असेल, ते गिळू शकत असेल, आणि सेल गिळून बारा तास झालेले नसतील, तरच वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर, मध द्यावा. सहा वेळांपेक्षा जास्त नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये. मध घरात नसेल तर तो आणण्यासाठी पाच मिनिटेही घालवू नयेत. दुसरे काही, दूध, पाणी, लिंबू, काहीही देऊ नये. काटा किंवा पिन गिळली असेल तर मधही नको.

आता घरातल्या बारीकसारीक सवयींविषयी बोलते आणि संपवते.

पहिली गोष्ट आपलीच. निऱ्या करताना आपण पिना दातात धरतो. शिवणाऱ्या बायका सुया ओठांत धरतात. त्याच वेळी कोणी हाक मारते, आपण "ओ" देतो. टोकदार पिन वा सुई कोठे रुतेल आणि तेथून कोठे सरकेल याचा नेम नाही. अन्ननलिका भेदून मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत वस्तू गेल्याची उदाहरणे आहेत. मनगटावर एक छोटी गादी बांधावी, पिना तिच्यात टोचाव्या.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांची. तारेची कवळी सैल झाली असेल तर ती घालून झोपू देऊ नये. दुरुस्त करून घ्यावी. गोळ्यांच्या पाकिटाची कात्रीने एकेक गोळी कापून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. अंधारात म्हातारे माणूस वेष्टनासकट गोळी गिळते, आणि त्या कापलेल्या कोपऱ्याने अन्ननलिका फाटते. गोळी सोडवून हातावर द्यावी. कानाच्या यंत्राचे बारीक सेल गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवू नयेत.

तिसरी गोष्ट ताटाची. मासा वाढताना लहानांचे आणि कवळी असणाऱ्यांचे काटे आपण काढून द्यावे. कवळीमुळे टाळू झाकली जाते, काटा जिभेला लागत नाही. दारू पिऊन जेवायला बसलेल्या माणसाचेही तेच. त्याला काटेरी मासा वाढू नये. भांडण झाले तरी चालेल.

चौथी गोष्ट लोहचुंबकांची. खेळण्यातले दोन बारीक चुंबक एका पाठोपाठ एक गिळले गेले तर आतड्याच्या दोन पदरांतून ते एकमेकांना ओढतात. मधल्या पदराचे रक्त बंद होते, तो मरतो आणि भोक पडते. एक गिळला की दोन हे घरी कळत नाही, म्हणून तेथेही वाट पाहू नये.

पाचवी गोष्ट सेलांची. ज्या वस्तूचे झाकण स्क्रूने बंद होत नाही ती लहान मूल असलेल्या घरात आणू नये. संपलेल्या सेलाला लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर बंद डबीत ठेवावे. मी कार्यकारिणीला विनंती करते की, मंडळाच्या खोलीत अशा सेलांसाठी झाकणाचा एक डबा ठेवावा, आणि दिवाळीपूर्वी तो जमा करून योग्य ठिकाणी पोहोचवावा. आपल्या हळदीकुंकवाच्या वाणात गेल्या वर्षी सेलच्या पणत्या होत्या. यंदा मातीच्या द्याव्यात. कुंभाराच्या घरीही चार पैसे जातील.

आणि सहावी गोष्ट फोनची. १०८ हा क्रमांक घरातल्या मोठ्या मुलांनाही पाठ असावा. काही गिळले गेले आणि छातीत दुखते आहे, लाळ गळते आहे, घास उतरत नाही, ताप आहे, किंवा चमचाभर जरी ताजे रक्त आले, तर ते थांबले म्हणून बसू नये. थांबले आहे म्हणूनच निघावे.

भगिनींनो, हे सगळे ऐकून माझ्या धाकट्या जाऊबाई एकदा म्हणाल्या, "वहिनी, हे आता कळून काय उपयोग?" त्यांना मी काय उत्तर देणार? बैल गेला आणि झोपा केला, हे आमच्या घरापुरते खरे आहे. पण इतरांच्या गोठ्यात बैल अजून आहेत. घरी गेल्यावर प्रत्येकीने हे दोन जणींना सांगावे, एवढीच माझी मागणी आहे. ज्या सभेला आल्या नाहीत त्यांना आधी सांगावे.